नव्या ताईंसाठी, वर्गात पाऊल टाकण्याआधी

ताई, इंदूरच्या अंध मुलांच्या शाळेत रुजू होताय म्हणून सांगते. फळ्यावर लिहिताना ‘हे यात मिळवा’ म्हणू नका. ‘सात अधिक पाच’ असं लिहाल ते सगळं तोंडाने बोला. नुसतं ‘तू सांग’ म्हटलं तर कोणाला विचारलं ते कळत नाही, नाव घ्या.

ब्रेल स्वतः शिकाच. सहा टिंबांचा खेळ आहे; स्लेटवर, म्हणजे ब्रेल लिहायच्या खाचांच्या पट्टीवर, उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटून डावीकडून वाचायचं. भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची सामाईक ब्रेल, तिच्यामुळे मराठीतला ‘क’ इथल्या हिंदी पुस्तकातही तोच, हे आपल्याला फार सोयीचं.

थोडं दिसणाऱ्या मुलाला सरसकट ब्रेलला जुंपू नका. आधी ठळक, मोठी अक्षरं देऊन, खिडकीकडे पाठ करून बसवून पाहा. आणि कुणालाही हात धरून ओढू नका; कोपर पुढे करा, तो धरेल.