घड्याळ नसेल तर रनिंग ॲप कुठलं? आधी फोनकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोथरूडला राहता, हातात साधा अँड्रॉइड फोन, धावणं मोजणारं घड्याळ घ्यायचं नाही, हिवाळ्यात पहिली २१ किमी धावायची आहे. मग स्ट्राव्हा घ्यावं, नाइकी रन क्लब घ्यावं की तिसरंच काही? आणि एकाच धावेला दोन ॲप वेगळं अंतर का दाखवतात? दुसरा भाग आधी घेतो, कारण तो कळला की पहिल्याचं निम्मं ओझं उतरतं.

ॲप स्वतः काही मोजत नाही; फोनमधली जीपीएस चिप तुमच्या जागेचे ठिपके देते आणि ते जोडून ॲप अंतर काढतं. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत तुमची जागा सांगतो. ते ठिपके किती गुळगुळीत करून जोडायचे, सिग्नलला थांबलात तो वेळ मोजायचा की नाही, एवढंच ॲपच्या हातात असतं. म्हणून एकाच फोनवर दोन्ही लावली की १० किमीला शंभर-दीडशे मीटर इकडेतिकडे होणारच. त्यावरून कुठलं ॲप 'बरोबर' हे ठरवू नका. फरक अर्ध्या किलोमीटरच्या वर जात असेल तर मात्र फोनमध्ये गडबड आहे, आणि ती नकाशावर दिसते.

धाव संपल्यावर नकाशा बोटांनी मोठा करून रेघ बघा. वळणाच्या रस्त्यावर रेघ इमारतींतून सरळ आरपार गेली असेल, तर मध्येच फोनने ॲप झोपवलं होतं. अंतर कमी भरतं. रेघ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करवतीच्या दात्यांसारखी हलत असेल, तर सिग्नल कशावर तरी आपटून येत होता. अंतर जास्त भरतं आणि पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारी मिनिटं, खोटी चांगली दिसते. पौड रोड आणि कर्वे रोडवर हे हमखास होतं, कारण डोक्यावर मेट्रोचा पूल आहे. नळ स्टॉपला तर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. तिथल्या किलोमीटरची पेस मनावर घेऊ नका.

झोपणाऱ्या ॲपवर उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जा, बॅटरी उघडा आणि 'नो रिस्ट्रिक्शन्स' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. रेडमी, रिअलमी, ओप्पो, व्हिवो असेल तर 'ऑटोस्टार्ट'ही चालू करा. हे फोन पडदा बंद झाला की मागची ॲप फार उत्साहाने मारतात. सॅमसंगमध्ये 'स्लीपिंग ॲप्स'च्या यादीत ते गेलेलं नाही ना, ते तपासा. लोकेशनच्या परवानगीत 'प्रिसाइज' चालू हवं. धावताना बॅटरी सेव्हर बंदच ठेवा. आणि इमारतीच्या पार्किंगमधून स्टार्ट दाबू नका: डेटा चालू ठेवून उघड्यावर या, अर्धा-एक मिनिट उभे राहा, ॲपने सिग्नल सापडल्याचं दाखवलं की निघा. पहिल्या किलोमीटरची विचित्र पेस बहुतेक वेळा एवढ्याच घाईची असते.

खात्री करायची असेल तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर, प्रवेश मिळेल तिथे, पहिल्या लेनमध्ये ५ फेऱ्या मारा. २ किमी होतात. पहिल्याच लेनमध्ये, कारण दर लेनला फेरीमागे साडेसात मीटरहून थोडं जास्त वाढतं आणि चौथ्या लेनची फेरी ४२३ मीटरच्या आसपास जाते. ट्रॅकवरच्या सतत वळणांना फोन थोडा गोंधळतोच. ३०-४० मीटरचा फरक आला तर फोन ठीक आहे.

आता ॲप. तुमची पहिलीच अर्ध मॅरेथॉन असल्याने मी नाइकी रन क्लबपासून सुरुवात करायला सांगेन. ते फुकट आहे, अर्ध मॅरेथॉनची १४ आठवड्यांची योजना आहे, आणि कानात बोलणाऱ्या कोचसोबतच्या धावा आहेत. कोच इंग्रजी बोलतो आणि भलताच खुशीत असतो, पण 'आज हळू पळा' हे दर दोन मिनिटांनी कोणीतरी सांगणं नवशिक्याला खरोखर लागतं. योजनेतले मैल सेटिंगमध्ये किलोमीटर करून घ्या.

त्याची खोट एकच, पण मोठी: तुमच्या धावांची जीपीएक्स फाइल (मार्ग आणि वेळ साठवणारी, दुसऱ्या ॲपलाही वाचता येणारी) त्यातून सरळ बाहेर काढता येत नाही. दोन वर्षांनी घड्याळ घेतलंत, ॲप बदललंत, तर जुना हिशेब तिथेच अडकतो. म्हणून पहिल्याच दिवशी स्ट्राव्हाचं फुकट खातं उघडून नाइकीच्या सेटिंगमधून ते जोडा. मग धाव नाइकीत नोंदली जाते आणि आपोआप स्ट्राव्हात जाते. स्ट्राव्हाच्या वेबसाइटवर एकेका धावेची जीपीएक्स उतरवता येते, सगळ्याची एकत्र प्रतही मागवता येते. मोबाइल ॲपमध्ये हे शोधत बसू नका, ब्राउझरमध्ये करा. दोन्ही ॲपमध्ये एकाच वेळी स्टार्ट दाबू नका, नाहीतर एकच धाव दोनदा दिसेल आणि आठवड्याचे किलोमीटर उगाच फुगतील.

कोच नको, फक्त नोंद हवी, पुण्यातले बाकीचे धावणारे काय करतात ते बघायचं आहे, तर सरळ स्ट्राव्हाच. पैसे भरायची घाई नको. धाव नोंदणं, स्प्लिट (दर किलोमीटरची वेगळी वेळ), क्लब हे फुकटात मिळतं. पैसे मागतात ते मार्ग आखणं, तयारीच्या योजना, सेगमेंटची (रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कोण किती वेगाने पळालं याची) पूर्ण क्रमवारी आणि चढानुसार सुधारलेली पेस यांना. यातलं शेवटचं तेवढं तुमच्या कामाचं, कारण कोथरूडहून महात्मा सोसायटीकडून वेताळ टेकडी चढलात की पेस दीड-दोन मिनिटांनी पडते आणि माणूस उगाच खचतो. पण त्यासाठी वर्षाचे पैसे भरण्यापेक्षा टेकडीच्या दिवशी पेस न बघता वेळ धरून पळा: ५० मिनिटं, बोलता येईल इतक्या दमात. चढाच्या आकड्यावरही विसंबू नका; बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची ओळखणारा सेन्सर) नसलेल्या फोनमध्ये तो अंदाजच असतो.

खातं, जाहिरात, लोक काहीच नको असेल तर ओपनट्रॅक्स बघा. मुक्त स्रोत आहे, इंटरनेटशिवाय चालतं, फाइल तुमच्याच फोनमध्ये राहते. दिसायला रुक्ष आहे आणि योजना वगैरे काही नाही.

कुठलंही घ्या, दोन सेटिंग पहिल्या धावेआधी बदला. एक, नकाशाची गोपनीयता. स्ट्राव्हात 'मॅप व्हिजिबिलिटी'मध्ये घराभोवतीचा भाग लपवता येतो. तो न लपवता रोज सोसायटीच्या गेटपासून स्टार्ट दाबलात, तर तुम्ही कुठे राहता आणि किती वाजता घराबाहेर असता हे अनोळखी माणसालाही कळतं. पहाटे एकटं जाणाऱ्यांनी घरच्यांना व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन तासाभरासाठी पाठवलं की पुरतं. दोन, ऑटो-पॉझ. सिग्नलवर थांबलेला वेळ तो वगळतो, त्यामुळे सरावाची पेस छान दिसते; शर्यतीत मात्र पाणी प्यायला थांबलात तरी घड्याळ चालूच असतं. लाँग रनला तो बंद ठेवा, म्हणजे शर्यतीचा अंदाज खोटा ठरणार नाही.

शर्यतीच्या दिवशी ॲपमध्ये २१.३ किंवा २१.४ किमी दिसलं तर आयोजकांशी भांडू नका. नीट मोजलेला मार्ग वळणांवर आतल्या कडेने, सगळ्यात जवळच्या रेषेत मोजतात, आणि तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्तच धरतात. गर्दीत तुम्ही ती रेषा धरूच शकत नाही, त्यात जीपीएसची भर. म्हणून जी पेस गाठायची आहे तिच्यापेक्षा ॲपवर किलोमीटरमागे पाच सेकंद वेगाने पळायचं ठरवा, किंवा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर वेळ बघत जा.

पावसाळ्यात फोन झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवा आणि पडदा लॉक करा. ओल्या कपड्याचा स्पर्श बोट समजून फोन स्वतःच पॉझ दाबतो.

आणि फुकट ट्रायल घेतलीत तर लगेच त्याच दिवशी प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन ती रद्द करून ठेवा. मुदत संपेपर्यंत बहुतेक वेळा सगळं चालतं. नुसतं ॲप काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही, ऑटोपेमधून पुढच्या वर्षाचे पैसे जातात.