मुदतवाढीचा अर्ज आधी की गड्डा यात्रा?

प्रश्न : ताई, लेक २० जुलै २०२३ ला नवऱ्याकडे लेस्टरला गेली. जावई ब्रिटिश नागरिक. तिचा व्हिसा १५ एप्रिल २०२६ ला संपतो. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेला सोलापूरला यायचं म्हणते. मुदतवाढीचा अर्ज आत्ताच टाकून निघू दे का?
– एक आई, सोलापूर

उत्तर : नको, मावशी. अर्ज टाकून निकालाआधी ती ब्रिटनबाहेर पडली, तर अर्ज मागे घेतल्याचं धरतात. माझ्या भाचीचं तेच झालं. आजी अत्यवस्थ म्हणून ती विमानात बसली, आणि पुढं सगळं पहिल्यापासून करावं लागलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

घाईत दुसरा तोटाही आहे. कायमच्या वास्तव्यासाठी तिकडे ६० महिने भरावे लागतात. वाढ मिळते ३० महिन्यांची, आणि जुन्या व्हिसाचे फार तर २८ दिवस त्यात धरतात. आत्ता अर्ज केला तर शेवटी महिने कमी पडतील, आणि तिसऱ्यांदा फी भरावी लागेल. तिचे ३० महिने २० जानेवारीला पूर्ण होतात. २३ डिसेंबरच्या आधी अर्जाला हात लावू नका.

म्हणून आधी येऊ द्या. नंदीध्वज पाहू द्या, सिद्धरामेश्वरांना नमस्कार करू द्या. परत गेल्यावर फेब्रुवारीतच अर्ज करावा, १५ एप्रिलची वाट पाहू नये. मुदतीत अर्ज गेला की निकाल उशिरा लागला तरी राहण्याचा, नोकरीचा हक्क टिकतो. मुदतवाढीसाठी लागणारी इंग्रजीची ए-टू पातळीची परीक्षा मात्र आत्ताच उरकायला सांगा.