घाट उतरताना चावी बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर खरंच पेट्रोल वाचतं का?

तुम्ही लिहिलंय की नवीन गाडी घेतलीय, वडील शेजारी बसून सांगतात घाट लागला की चावी बंद कर, न्यूट्रल टाक, गाडी आपोआप खाली जाते, आणि तुम्हाला एवढंच विचारायचंय की मायलेज किती वाढेल. मायलेजचं सांगते, पण नंतर. आधी आमच्या दाजींचं सांगणार, कारण तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाहीये.

2018 ची दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला निघालो. दाजी गाडी चालवत होते, शेजारी ताई, तिच्या मांडीवर अडीच वर्षांची भाची, मागे आई आणि मी. गाडी दोनच महिन्यांची होती, दोन एअरबॅगवालं टॉप मॉडेल, आणि त्याचं दाजींना फार कौतुक. तेव्हा ड्रायव्हरची एअरबॅगसुद्धा सक्तीची नव्हती (ती 2019 च्या जुलैपासून झाली), त्यामुळे ज्याच्या गाडीला दोन दोन आहेत त्याला वाटायचं आपण आता सगळ्यातून सुटलो. बेल्ट मात्र लावायचा नाही. बेल्ट न लावल्याची टुकटुक बंद व्हावी म्हणून बाजारात नुसत्या क्लिपा मिळायच्या, तसली एक त्यांनी बकलमध्ये कायमची अडकवून ठेवलेली. (या क्लिपा ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांना 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या काढून टाकायला लावल्या. फार उशिरा लावल्या असं माझं मत आहे.)

मलकापूर गेलं, आंबा गेलं, उतार लागला, आणि दाजींनी गिअर काढून चावी मागे फिरवली. पूर्ण बंद नाही केली, एक टप्पा मागे, एसीसीवर, म्हणजे नुसता स्टिरिओ वगैरे चालतो त्या टप्प्यावर. त्यामुळे स्टिरिओवरची गाणी तशीच चालू राहिली आणि ताईला तर कळलंही नाही की इंजिन बंद आहे. मला कळलं, कारण मी स्वतः गाडी चालवते आणि इंजिनाचा आवाज गेला की पोटात कसंतरी होतं. मी बोलले नाही. हे मला अजून खातं. बहिणीचा नवरा, दिवाळीचे दिवस, नवीन गाडी, शेजारी आई. म्हटलं कशाला उगाच. आधी एकदा खंबाटकीत मी बोलले होते तेव्हा ते म्हणाले होते, "तू स्कूटीवर लक्ष दे, पंचवीस वर्षं गाडी मारतोय मी." त्यानंतर मी तोंड मिटून बसायला शिकले होते.

पहिली तीन-चार वळणं काही झालं नाही. ते ब्रेक दाबत, सोडत, दाबत चालले होते. मग एका वळणावर समोरून ट्रक चढत आला, रस्त्याच्या मधोमध, आणि दाजींनी ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं घट्ट. खाली जाईचना. त्यांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं तर तेही जड, कारण आजकालच्या छोट्या गाड्यांचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं आणि चावी मागे म्हणजे त्याची वीज बंद. मग त्यांचा उजवा हात चावीकडे गेला, स्टिअरिंग एकट्या डाव्या हातात राहिलं, चावीला लटकलेला घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा आणि जोतिबाचं पितळी किचेन बोटांत अडकलं, आणि तेवढ्यात गाडी डाव्या अंगाने डोंगराला घासत गटारात जाऊन बसली. डावीकडे डोंगर होता म्हणून मी हे लिहायला आहे. पुढच्या वळणाला डावीकडे दरी होती, आम्ही नंतर उतरून बघितलं.

भाचीचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. ताईने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं, तरी. लोकांना वाटतं आईच्या हातातून पोर सुटत नाही. हिशेब करून बघा. बारा किलोचं पोर, चाळीसचा स्पीड, गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर हातांवर येणारी ओढ सव्वाशे किलोच्या वर जाते. कुठली आई धरणार? आम्ही तेवढ्या जोरात नव्हतो म्हणून चार टाक्यांवर भागलं. साखरप्यातल्या डॉक्टरांनी घातले ते टाके. खूण अजून आहे, उजव्या भुवईच्या वर. दाजींची छाती स्टिअरिंगवर बसली, आठ दिवस खोकताना कळ यायची. आईचा ओठ फुटला. आणि माझे गुडघे ताईच्या सीटच्या पाठीवर एवढ्या जोरात आदळले की सीट पुढे ढकलली गेली, म्हणजे ताई आणि पोर दोघींना मागून धक्का देणारी मीच. मागे आम्हीही बेल्ट लावला नव्हता. मागे कोण लावतं, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्याला धडकली, पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा कुठे आमच्याकडे दोन-चार महिने मागचे बेल्ट बाहेर निघाले. परत सीटखाली गेले.

आता मूळ भांडण. गटारातून बाहेर निघाल्या निघाल्या दाजींचं पहिलं वाक्य होतं, "ब्रेक फेल झाला." दुसरं, "एवढे पैसे घेतात, एअरबॅग उघडली नाही, फसवलं कंपनीने." आणि गेली इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात हीच गोष्ट अशीच सांगितली जाते. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते, आणि इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते. ब्रेक फेल झाला नव्हता. गाडी ज्या मेकॅनिककडे ओढून नेली त्याने चाकं काढून सगळं बघितलं आणि म्हणाला, "ब्रेक एकदम ओके आहे ताई, इंजिन बंद असताना किती वेळा दाबला ते सांगा." ब्रेकच्या पेडलला जोर देणारा जो बूस्टर असतो तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाने हवा ओढून केलेल्या पोकळीवर, चालतो. इंजिन बंद झाल्यावर त्यात दोन-तीन वेळा दाबण्यापुरतं व्हॅक्यूम शिल्लक राहतं. ते दाजींनी पहिल्या वळणांवर संपवलं. त्यानंतर ब्रेक लागतो, पण सगळा जोर तुमच्या एकट्या पायाचा, आणि उतारावर भरलेली गाडी थांबवायला तेवढा पाय बसलेल्या माणसाकडे त्या एका क्षणात नसतो.

एअरबॅगचंही तेच. तिचा कंट्रोल युनिट चावी ऑनवर असताना जागा असतो. एसीसीवर फक्त स्टिरिओ, चार्जर असलं काहीतरी चालतं. गाणी ऐकू येतायत म्हणजे गाडी जागी आहे, हा समज काढून टाका. अमेरिकेत जनरल मोटर्सचं 2014 मध्ये जे प्रकरण उघड झालं ते नेमकं हेच होतं. त्यांच्या काही गाड्यांमध्ये चावीचा स्विच इतका सैल होता की जड जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागला तरी चावी चालत्या गाडीत ऑनवरून एसीसीवर सरकायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि धडक बसली की एअरबॅग उघडायची नाही. कंपनीने नेमलेल्या भरपाईच्या फंडाने 124 मृत्यू त्या स्विचशी जोडलेले मान्य केले. तिथे कंपनीची चूक होती. आणि आमचे दाजी तीच गोष्ट स्वतःच्या हाताने, पैसे वाचवायला, मुद्दाम करत होते. तेव्हापासून माझ्या गाडीच्या चावीला दुसरी एकही किल्ली नाही. देवाचं किचेनसुद्धा नाही, देव घरात आहे.

आता जे मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. दाजी म्हणतात एअरबॅग उघडली असती तर पोरीला लागलं नसतं. दाजी, उघडली असती तर पोरगी राहिली नसती. एअरबॅग म्हणजे मऊ उशी नाही. ती पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या विसाव्या भागात वगैरे, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते. ती बनवलेली असते बेल्ट लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी. मांडीवरचं पोर तिच्या आणि आईच्या मधे सापडतं. म्हणून तर पुढच्या सनवायझरवर ते मुलाचं चित्र आणि लाल फुली असते, आणि दाजींनी त्याच्यावरच पार्किंगच्या पावत्या खोचून ठेवल्या होत्या. मूल मागे, चाइल्ड सीटमध्ये. तोंड मागे करून बसवायची सीट तर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण हजाराचं सोडा. चाइल्ड सीट महाग पडते म्हणणारे लोक मोबाइल किती हजारांचा वापरतात तेवढं बघा.

आणि डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेला गणपती. काढा. राग येईल, तरी काढा. झाकण फाडून एअरबॅग बाहेर येते तेव्हा ती मूर्ती गोळीसारखी समोरच्याच्या तोंडावर जाते. स्टिअरिंगला अगदी चिकटून बसणाऱ्यांनी सीट मागे घ्या, छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यात निदान वीतभर, म्हणजे पंचवीस सेंटीमीटर जागा पाहिजे (माझी वीत लहान आहे, मी सव्वा वीत धरते). सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर रस्त्यावरचे घट्ट सीट कव्हर घालू नका, शिवण नाही फाटली तर ती बाहेर यायची कुठून?

बरं, पेट्रोल. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे आत्ताच्या सगळ्याच, तुम्ही गिअर न काढता अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल द्यायचं बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट उतरताना बहुतेक वेळ पेट्रोल शून्य जातं, ब्रेकला बूस्टर आहे, स्टिअरिंग हलकं आहे, एअरबॅग जागी आहे, आणि इंजिनच गाडीला मागे ओढून धरतंय त्यामुळे ब्रेक तापत नाहीत. उलट इंजिन चालू ठेवून न्यूट्रल टाकलं तर ते आयडलिंगला, म्हणजे नुसतं चालू राहायला, पेट्रोल खातं, छोटी गाडी तासाला साधारण पाऊण लिटर. म्हणजे आंबा घाटाची वीस मिनिटं धरली तर पाव लिटर, पंचवीस-सव्वीस रुपये. चावी बंद करून हे पंचवीस रुपये "वाचवले" म्हणायचं, जे गिअरमध्ये राहिलं असतं तर गेलेच नसते. चार टाके, गाडीचं अख्खं डावं अंग, रेडिएटर, आणि हे पंचवीस रुपये. मी हा हिशेब दाजींना कागदावर मांडून दाखवला होता. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले पुस्तकी आहे.

तुमच्या वडिलांबद्दल माझा राग नाही. ते कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शनच्या आधीची, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला द्यायची सोय) गाड्यांवर शिकले असतील, तेव्हा उतारावरही इंजिन थोडं पेट्रोल ओढायचंच, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना बूस्टर किंवा पॉवर स्टिअरिंग नसायचं, त्यामुळे बंद करून फार काही वेगळं वाटायचंही नाही. धोका तेव्हाही होता, पण हिशेबात थोडं तथ्य होतं. 2000 च्या आसपास कार्ब्युरेटर गेले तसं तेही गेलं.

हेही सांगायला पाहिजे की आमची गाडी ज्या वेगाने, ज्या कोनात गटारात गेली त्यात चावी ऑनवर असती तरी एअरबॅग उघडलीच असती असं मी छातीठोक सांगू शकत नाही. घासत घासत थांबली होती ती, समोरून थेट धडक नव्हती. हे दाजींना मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. ऑटोमॅटिक असेल तर एन वर (न्यूट्रलवर) टाकू नका, एल किंवा एस किंवा मॅन्युअल मोड असेल तो वापरा. हायब्रिडमध्ये इंजिन स्वतःहून बंद पडतं त्याला घाबरू नका, तिथे ब्रेक आणि स्टिअरिंगची सोय वेगळी केलेली असते. आणि साध्या गाडीचं इंजिन कधी उतारावर आपोआप बंद पडलं तर ब्रेक दाबत-सोडत बसू नका, एकदाच दाबा आणि दाबूनच ठेवा, जेवढा जोर असेल तेवढा. चावी बाहेर तर अजिबात काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

मायलेज वाढवायचा असेल तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलीय तेवढी हवा टायरमध्ये ठेवा, दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. आमच्या दाजींनी दोन महिन्यांत एकदाही बघितली नव्हती. मेकॅनिकने मोजली तेव्हा पुढच्या दोन्ही टायरमध्ये पाच-पाच पॉइंट कमी होती.