कायदा, सार्वजनिक धोरण आणि अंतर्गत सुरक्षा या तिन्हींत करिअर होऊ शकतं का?

हो, होतं. अमेरिकेच्या जॅनेट नेपोलिटानो बघा. मूळच्या वकील. ॲरिझोनात फेडरल सरकारी वकील, राज्याच्या ॲटर्नी जनरल, मग गव्हर्नर. २००९ ते २०१३ होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्री. लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या, कागदपत्रं नसलेल्या तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारं ‘डाका’ (DACA) धोरण जून २०१२ मध्ये त्यांच्याच आदेशाने सुरू झालं. ट्रम्प सरकारने ते गुंडाळायला घेतलं, तेव्हा त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्ष होत्या. विद्यापीठाने थेट त्यांच्याच जुन्या खात्यावर दावा ठोकला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात तो ५ विरुद्ध ४ ने जिंकला! नंतर त्या याच विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये सार्वजनिक धोरण शिकवू लागल्या. माझ्या मते आधी कायद्याची पदवी घ्या, धोरणाचा अभ्यास नंतरही करता येतो.