सरीसृपांच्या अभ्यासासाठी मार्गदर्शक निवडताना एच-इंडेक्स पाहावा का?

आपल्याला सरीसृपांच्या वर्तनावर पीएच.डी. करायची आहे, दोन मार्गदर्शक तयार आहेत, एकाचा एच-इंडेक्स ३१ (म्हणजे इतरांनी प्रत्येकी किमान ३१ वेळा संदर्भ दिलेले ३१ निबंध) आणि दुसऱ्याचा ९ आहे, आणि कोणाकडे जावे असे आपण विचारले आहे. हा आकडा बाजूला ठेवून निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मत मला बरेच महाग पडले आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सलग तीन उन्हाळे सरड्यांचे गळे पाहत काढले. गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी कातडीचा पंखा उघडून नर दगडावर उभा राहतो, तोच हा सरडा. माझ्या वेळी त्याला सिटाना पाँटिसेरियाना समजत. २०१६ साली त्याचा जीनस (जवळच्या जातींचा गट) वेगळा ठरला आणि त्याला आपल्याच भाषेतले ‘सरडा’ हे नाव मिळाले, याचा मला आजही अभिमान वाटतो. मात्र हा पंखा मार्चपासून पाऊस लागेपर्यंतच जोमाने उघडतो. म्हणजे वर्षातील तीनेक महिने काम आणि उरलेले महिने वाट पाहणे. दर दहा मिनिटांत पंखा किती वेळा उघडला, प्रतिस्पर्धी किती अंतरावर होता, मादी समोर होती की नव्हती आणि दगड किती तापला होता, अशा नोंदींनी माझ्या अकरा वह्या भरल्या.

माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे होते की यातून पाच निबंध सहज निघतील: नरांची झुंज एक, मादीसमोरचे प्रदर्शन दुसरा, तापमान तिसरा, याप्रमाणे. मी नकार दिला, कारण ज्या क्षणी नर पंखा उघडतो त्याच क्षणी दगडही तापलेला असतो आणि शेजारीही पाहत असतो. त्या क्षणाचे पाच तुकडे केले तर प्रत्येक तुकडा अर्धवटच उरतो. ‘तू सरड्याचा विचार करतोस, नोकरीचा नाही’, असे ते म्हणाले. मी एकच दीर्घ निबंध छापला. पुढे एका महाविद्यालयाच्या मुलाखतीत, आयुष्यात कधी पठारावर न बसलेल्या सदस्यांनी मोबाईल उघडून ‘एकूण निबंध दोनच’ एवढेच वाचून दाखवले. निवड ज्यांची झाली त्यांच्या यादीत चौदा निबंध होते. ते मी नंतर सर्व वाचले. एकाच आकडेवारीवर त्यांतील चार उभे होते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. सायटेशनचा, म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांचा, आकडा मुख्यतः त्या प्राण्याभोवती किती लोक काम करतात हे सांगतो. ऑस्ट्रेलियाचे रिक शाइन मुळात सापांचे अभ्यासक. त्यांचे शोधनिबंध हजारावर आहेत आणि त्यांची योग्यता वादातीत आहे. पण १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये सोडलेल्या केन टोड या परक्या विषारी भेकाचा प्रश्न साऱ्या देशाचा झाल्यामुळे त्यावरील त्यांच्या कामाला जो वाचकवर्ग मिळाला, तो आपल्या सड्यावरील सरड्याला कोठून मिळणार? याउलट मादलेन शार्निये यांनी १९६६ साली सेनेगलमध्ये दाखवून दिले की अगामा सरड्याच्या अंड्यातील पिल्लाचे लिंग उबवणीच्या तापमानाप्रमाणे बदलते. लहान नियतकालिकातील तो फ्रेंच निबंध कित्येक वर्षे फारसा कोणी वाचला नाही. त्या वेळी त्यांचा एच-इंडेक्स काढला असता तर काय हाती आले असते?

वर्गीकरणाचे काम करणाऱ्यांची स्थिती याहून विचित्र आहे. जातीचे नाव शेकडो निबंधांत येते, परंतु तिचे मूळ वर्णन संदर्भसूचीत घालण्याचे कष्ट फार थोडे घेतात. ‘झूटॅक्सा’ हे प्राण्यांच्या वर्गीकरणाचे नियतकालिक तर स्वतःचेच संदर्भ फार देते म्हणून २०२० साली इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकातील निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याच्या) यादीतून वगळले गेले, आणि जगभरातून आरडाओरडा झाल्यावर परत घेतले गेले. नव्या जातींची वर्णने जर प्रामुख्याने तेथेच छापली जात असतील, तर संदर्भ दुसरीकडचे आणायचे कोठून?

म्हणून दोघांचेही दोन-दोन निबंध पूर्ण वाचावेत, विद्यार्थी पहिला लेखक आहे का ते पाहावे, आणि त्यांचे विद्यार्थी मे महिन्यात कोठे असतात हे थेट विचारावे. ‘प्रबंधाचे किती निबंध करता येतील’ असे जे पहिल्याच भेटीत सांगू लागतील, त्यांच्यापासून दूर राहावे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी की ९ हा आकडा म्हणजे साधेपणाचे प्रमाणपत्र नव्हे. काही जण निव्वळ आळसामुळे छापत नाहीत आणि त्यांचा विद्यार्थी सहा वर्षे अडकून पडतो. माझ्याही अकरा वह्यांपैकी चार अजून कपाटात आहेत. त्यांतील नोंदी छापल्या असत्या तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी घटले, सरडे वाढले आणि त्यांचे रंग फिके पडले, हे दाखवणाऱ्या २०१८ च्या निबंधाला तुलनेसाठी जुनी आकडेवारी मिळाली असती. माझे मार्गदर्शक हे वाचत असतील तर एवढा मुद्दा त्यांचा. पाच तुकड्यांचा नाही.