किडनी विकून सावकाराचं कर्ज फेडता येईल का? किती पैसे मिळतात?

तुम्ही लिहिलंय की खासगी सावकाराचं चार लाखांचं देणं आहे, व्याज दर महिन्याला चढतंय, फेसबुकवर भेटलेल्या एका एजंटने तीस लाख देतो म्हणून सांगितलंय आणि दुसरा मार्ग दिसत नाही. मी अकरा वर्षं रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयकाचं काम करतोय. दाता आणि रुग्ण यांच्या फाईली आधी माझ्या टेबलावर येतात, मग प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीकडे जातात. म्हणून तुम्हाला उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, फिटणार नाही. चेन्नईत किडनी विकलेल्या 305 जणांना गाठून केलेला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या शंभरातल्या 96 जणांनी कर्ज फेडण्यासाठीच किडनी विकली होती. कबूल झाले होते सरासरी 1,410 डॉलर, हातात पडले 1,070. आणि कर्जासाठी किडनी विकलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक त्यानंतरही कर्जातच होते. घरचं उत्पन्न वाढलं नाही, उलट सुमारे एक तृतीयांशाने घटलं, कारण पोट चालायचं ते अंगमेहनतीवर आणि आता वजन उचलवत नव्हतं. दुसऱ्या कुणाला तुम्ही किडनी विकायचा सल्ला द्याल का, असं विचारल्यावर 79 टक्के लोक नाही म्हणाले.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण एजंट तुम्हाला एवढंच सांगणार की दोन तासांचं ऑपरेशन, आठवड्यात घरी.

आपल्याकडे 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात तो 1995 पासून लागू आहे. जिवंतपणी किडनी द्यायची तर आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको हेच जवळचे नातेवाईक. 2011 च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. त्याबाहेरच्या माणसाला केवळ आपुलकीने देता येते, तेही समितीची खात्री पटली तर. पैसे घेणं आणि देणं दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा पाच ते दहा वर्षं आणि दंड 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत. त्यामुळे एजंटला तुम्हाला विकणारा म्हणून आणताच येत नाही. तो तुम्हाला कुणाचा तरी भाऊ करतो, मुलगा करतो. बाई असेल तर बायको. आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, फोटो, सगळं तयार करून मिळतं.

काही वर्षांपूर्वी अशीच एक फाईल माझ्याकडे आली. पन्नाशीचा रुग्ण, तिशीची बायको. कागद इतके चोख की मलाच बरं वाटलं. दोघांशी वेगवेगळं बोलायचं अशी आमची पद्धत आहे. तिला मी सहज विचारलं, साहेबांना दिवसाला पाणी किती देता? ती म्हणाली, “भरपूर पितात. उशाशी तांब्याच ठेवते मी.” माझा पेन तिथेच थांबला. ज्या घरात डायलिसिसचा माणूस असतो तिथे पाणी मापून देतात हो. अंगात पाणी साठलं तर धाप लागते, म्हणून बायका बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवतात, सकाळचा चहासुद्धा त्यातच धरतात. हे माहीत नसलेली बायको नसते. मी काहीच बोललो नाही, नुसतं पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला तेव्हा बोटांवर जुने वार दिसले, कोयत्याचे. ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल अंगावर होती आणि नवरा त्या हंगामात पाय मोडून घरी बसला होता. खरा नवरा. ती फाईल पुढे गेली नाही.

पण गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी खूप वेळा केलाय. ऑपरेशन तिच्या नावावर झालंच नसतं. केसपेपर, सोनोग्राफी, डिस्चार्ज कार्ड, सगळ्यावर त्या साहेबांच्या बायकोचं नाव. पुढे कधी बीपी वाढलं, पायाला सूज आली, तर गावच्या डॉक्टरला दाखवायला तिच्याकडे स्वतःच्या नावाचा एक कागद नाही. खऱ्या दात्याला आम्ही दरवर्षी बोलावतो, बीपी, लघवीतलं प्रथिन आणि किडनी किती काम करतेय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघतो. एका किडनीवर माणूस नीट जगतो हे खरं आहे, पण ते अशी काळजी घेतली जाते म्हणून. आणि ठरलेले पैसे बुडाले तर भांडायचं कुणाशी? समितीपुढे कॅमेऱ्यासमोर “मी स्वखुशीने देतेय, पैसे घेतले नाहीत” असं तिनेच सांगितलेलं असतं. एजंटचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे. ते तुमच्या तोंडून वदवून घेतलं की तुम्ही त्याच्या मुठीत.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. 2022 मध्ये पुण्यातलं किडनी विक्रीचं एक प्रकरण उघडकीस आलं ते कोल्हापूरच्या एका बाईमुळे. रुग्णाची बायको म्हणून तिला उभं केलं होतं, 15 लाख कबूल केले होते, ते मिळाले नाहीत म्हणून तिने तोंड उघडलं. 2015 मध्ये अकोल्यात सावकारी कर्जापायी गरिबांच्या किडन्या काढल्याचं बाहेर आलं, त्यातल्या काहींना त्यासाठी श्रीलंकेला नेलं होतं. पुढे 2016 च्या सुरुवातीला श्रीलंकेने परदेशी लोकांचं किडनी प्रत्यारोपणच थांबवलं.

आणि तुमचा तो तीस लाखांचा एजंट? तो बहुधा किडनीचा दलालही नाही. फेसबुकवर नावाजलेल्या हॉस्पिटलचं नाव आणि लोगो लावून कोटीच्या बाता मारायच्या, मग नोंदणी फी, तपासणी फी, टॅक्स असं करत तुमच्याकडूनच पैसे काढायचे, हा सायबर चोरीचा जुना प्रकार आहे. त्याने पैसे मागितले असतील तर एक रुपयाही देऊ नका. दिले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाती लागणं कठीण.

किडनी घेणाऱ्यांनाही मी राक्षस म्हणणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला बांधलेली माणसं मी रोज बघतो. 2023 मध्ये अख्ख्या देशात मरणोत्तर अवयवदाते होते 1,099. एवढ्या मोठ्या देशात! ब्रेनडेड रुग्णाच्या नातेवाइकांनी होकार दिला की ZTCC च्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, यादीप्रमाणे अवयव जातो, तिथे पैशाचा संबंध नसतो. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी आपापसात दाते बदलून घ्यायलाही 2011 च्या दुरुस्तीने परवानगी दिली आहे. हे वाढलं की दलालाचं गिऱ्हाईक तुटेल. नुसत्या धाडी घालून ते तुटत नाही, असं मला वाटतं.

आता तुमच्या चार लाखांचं. तुम्ही महाराष्ट्रात आहात हे धरून सांगतो. सावकाराकडे परवाना आहे का ते आधी बघा. नसेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली तो स्वतःच गुन्हेगार आहे. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. शेत लिहून दिलं असेल तर तेही सांगा, सावकारीतून गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. जाताना फोनपेच्या नोंदी, त्याचे मेसेज, दिलेल्या कोऱ्या चेकचे नंबर, जे असेल ते घेऊन जा. चिठोरंसुद्धा फेकू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला 15100 वर फोन करा.

“दुसरा मार्ग दिसत नाही” हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. रात्री फार जड गेलं तर 14416 या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर बोला, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आधार कार्डाचा फोटो आणि रक्तगट त्या एजंटला पाठवलाय का, तेवढं खाली लिहा. पाठवला असेल तर पुढे काय करायचं ते सांगतो.