माणूस न पोचता नकाशा?

प्रश्न : १९५०च्या आसपास अलास्कातल्या जवळपास निर्मनुष्य ब्रूक्स पर्वतरांगेचे नकाशे काढले कसे? – एक वाचक, खानापूर

उत्तर : विमानातून. तीन कॅमेरे एकदम चालत : एक सरळ खाली, दोन डावी-उजवीकडे ६० अंश कललेले. त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचा पट्टा टिपला जाई. पाठोपाठचे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर चढवत. जोडी स्टिरिओस्कोपखाली (प्रत्येक डोळ्याला एकेक फोटो दाखवणारे भिंगांचे उपकरण) धरली की डोंगर उठून दिसे. मात्र उंचीचे आकडे पक्के करायला काही शिखरांवर थिओडोलाइट (कोन मोजण्याची दुर्बीण) न्यावाच लागे. खरी गोची बर्फाची. कोऱ्या पांढऱ्यावर नजर ठरत नाही, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) भरकटतात. तिरप्या फोटोंत कड्यांमागची दरी तर लपतेच! शिवाय हे नकाशे १:२,५०,००० प्रमाणाचे, म्हणजे एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर. त्या प्रमाणात बेळगाव–खानापूर जेमतेम बोटभर, दहाएक सेंटिमीटर. तेवढ्यात ओढेनाले कितीसे मावणार?